नाडी जलद की लंबक मंद

अण्णा, तुमच्याशी एक भांडण राहून गेलंय, ते आज करायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता वयानं मी तुमच्यापेक्षा मोठी आहे, तेव्हा मधेच "गप बैस" म्हणायचं न्हाय. मी जन्मभर पोरींना पदार्थविज्ञान शिकवलं. दर वर्षी लंबकाचा धडा आला की फळ्यावर आकृती काढायची, सूत्र लिहायचं, आणि पुढं माझी जीभ अडखळायची. पोरींना वाटायचं बाईंना दम लागलाय. दमबिम काही लागलेला नसायचा मला. मला आपल्या धाराशिवच्या घरातली दुपार दिसायची, आईचं मनगट तुमच्या हातात, आणि माळवदाच्या तुळईला टांगलेलं ते पावशेराचं लोखंडी वजन इकडून तिकडं, तिकडून इकडं.

तुम्ही निजामाच्या सरकारी शाळेत सायन्स शिकवायचात, तेही उर्दूतून. शाळेत लंबकाला रक्कास म्हणायचात, प्रयोगाला तजुर्बा, आणि घरी येऊन टोपी काढली की पुन्हा आपली मराठी. तिकडं जगात लढाई चालली होती. त्या लढाईपायी येडशीच्या स्टेशनावरचं घड्याळ एकदम तासभर पुढं केलं, आणि आपल्या गल्लीत सगळा घोळ सुरू झाला. कुणी जुन्या टैमानं बोलायचं, कुणी नव्या. गाडी चुकलेली माणसं शिव्या देत परत यायची. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. जेवताना तुम्हाला विचारलं, "अण्णा, सरकारला वेळ पुढं ढकलता येते का हो?" तुम्ही हसलात. म्हणालात, "सरकारनं काटे ढकलले गं. वेळ आपली चालायची तशीच चालतीय." मी म्हणाले, "कशावरून?" तुम्ही हातातली भाकरी ताटात ठेवली. एवढ्याशा पोरीनं फार मोठं काही विचारल्यासारखं माझ्याकडं बघत राहिलात, आणि मला अजून आठवतं, त्या दिवशी मला स्वतःचा लई अभिमान वाटला.

तिथून ते वजन तुळईला लागलं. तुमचं म्हणणं असं, की वेळ सारखी चालते का हे बघायचं तर निदान दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींशी ताडून बघाव्यात. एक ते झुलतं वजन, दुसरी माणसाची नाडी. तुम्ही वजनाला झोका द्यायचात, एका हातानं स्वतःची नाडी धरायचात आणि मला झोके मोजायला लावायचात. रोज मेळ बसायचा. थोडं इकडं तिकडं, पण बसायचा. मग तुम्ही खूश होऊन म्हणायचात, "बघ, दोन्ही साक्षीदार एकच सांगतायत." आई चुलीजवळून म्हणायची, "त्या साक्षीदारांना विचारा, घरातलं मीठ कधी संपलं ते." तुम्ही तिचीही नाडी मोजायचात. ती हात पुढं करायची आणि दुसऱ्या हातानं भाकरी उलटायची. घरात एवढं हसणं पुढं कधी झालं न्हाय, निदान मला तरी आठवत न्हाय.

मग आई पडली. डॉक्टरांनी मुदतीचा ताप सांगितला. आता त्याला टायफॉइड म्हणतात आणि चार गोळ्यांत उतरवतात, तेव्हा तसलं काही नव्हतं. मुदत भरेपर्यंत माणूस तगवायचा, एवढाच इलाज. पेज, पाण्याच्या पट्ट्या आणि देवाचं नाव. समोरच्या शिंप्याची बायको, जिला सगळी गल्ली खाला म्हणायची, ती दिवसभर आपल्याकडंच असायची. कंपाउंडरनं मिक्श्चरची बाटली देताना वेळा सांगितल्या, तर खालानं विचारलं, "पुराने टैम से की नये से?" कंपाउंडर असला भडकला! आम्ही सगळे हसलो, आईसुद्धा उशीवर हसली. तोवर हसू येत होतं.

एका दुपारी तुम्ही आईचं मनगट धरून बसलात आणि मला म्हणालात, "वजनाला झोका दे." मी दिला. आई पडल्या पडल्या वर बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "अहो, आज हा लई सावकाश चाललाय."

"तो सावकाश न्हाय. तुझी नाडी जलद चाललीय."

"मला तर माझी नाडी न्हेमीसारखीच वाटतीय. त्यालाच काहीतरी झालंय. बघा की कसा आळसल्यावानी हलतोय."

"तापामुळं तसं वाटतंय तुला."

"असंल," आई म्हणाली आणि डोळे मिटले. तिनं तुमच्याशी वाद घालायचं सोडून दिलं होतं, तेव्हाच मला भीती वाटायला पाहिजे होती. पण मला भीती वाटली न्हाय अण्णा, मला आनंद झाला. कारण मला दिसलं की आई बरोबर बोलतीय. रोज जुळणाऱ्या दोन गोष्टी आज जुळत नव्हत्या, एवढंच तर आपल्याला कळलं होतं. त्यातली बदलली कोण, हे कुणी ठरवलं? वजन मंद झालं असेल तर आईची नाडी ठीक. नाडी ठीक तर ताप न्हाय. ताप न्हाय तर आई बरी. मी हे सगळं तुम्हाला एका दमात सांगितलं. तुम्ही रागावला असता तर बरं झालं असतं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, आणि तुमच्या तोंडावर मला जे दिसलं ते नवीनच होतं. क्षणभर तुम्हालाही ते खरं वाटलं. हो की न्हाय? हेच मला विचारायचंय. वाटलं ना?

कारण तुम्ही उठलात आणि तसेच, टोपी न घालता, जोशीबुवांकडं गेलात. त्यांच्याकडं लग्नात लावायची तांब्याची वाटी होती, बुडाला बारीक भोक असलेली. घंगाळातल्या पाण्यावर ती सोडायची, भोकातून पाणी शिरून ती भरली आणि बुडाली की एक घटका. शुभकार्याची वस्तू आजाऱ्याच्या खोलीत द्यायला जोशीबुवा तयार नव्हते म्हणे. तुम्ही काय बोललात, कसं मनवलंत, मला ठाऊक न्हाय, पण वाटी आणलीत. आईनं घंगाळ बघितलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "हे काय, परत लग्न लावताय की काय माझं?" तुम्ही म्हणालात, "हौ, माझ्याशीच." खाला तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

सकाळी ताप जरा उतरलेला असताना आणि दुपारी चढल्यावर, दोन्ही वेळा वाटी बुडेपर्यंत वजनाचे झोके सारखेच भरले. नाडी तेवढी वाढली. वाटी आणि वजन एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला. मी म्हणाले, "दोघं मिळून मंद झाले असतील तर?" तुम्ही अंगणात काठी रोवलीत आणि तिच्या सावलीवर खुणा केल्यात. सावलीही वाटीच्याच बाजूनं गेली. मी म्हणाले, "सूर्यपण मंद झाला असंल." तेव्हा तुम्ही म्हणालात, "सवाल गलत है." घरात, मला, उर्दूत. मागच्या बाकावरच्या कुणाच्या तरी पोराला सांगावं तसं. मला एक थोबाडीत मारली असतीत तरी एवढं लागलं नसतं. प्रश्न चुकीचा कसा हो अण्णा? भाकरी ताटात ठेवलीत ती याच प्रश्नासाठी ना?

मग मी आईकडंच गेले. तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, "आई, तुझ्या नाडीनं दिवस मोजले तर तुझी मुदत कधीच भरलीय. आता ताप उतरायला पाहिजे." मला हे अगदी पटलेलं होतं. तिची नाडी पळत होती, म्हणजे तिचे दिवस पळत होते, म्हणजे ती आमच्या पुढं गेली होती. पुढं गेली होती हे बरोबर होतं, ते कुठं हे मला कळत नव्हतं. आई आवाज न करता हसली. म्हणाली, "मग सांग की तुझ्या बापाला." मी सांगितलं. तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत.

त्यानंतर दोन-चार दिवस तुम्ही मोजतच राहिलात. शाळेत गेला न्हाईत. वजन, वाटी, सावली, मनगट. कशासाठी मोजत होतात? आईला तर त्याचा काही उपयोग नव्हता. मला वाटतं तुम्ही वाट बघत होता, की कधीतरी वाटी चुकेल, सावली चुकेल, कुणीतरी आईच्या बाजूनं एक शब्द बोलेल. शेवटी खालाच बोलली. पेजेची वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "मास्टरसाब, गिनो नक्को अब. हाथ में हाथ लेके बैठो, बस." तुम्ही लहान पोरासारखं ऐकलंत. वजन तसंच लटकत राहिलं, वाटी घंगाळाच्या काठावर पालथी. तुम्ही आईचा हात नुसता धरून बसलात, बोटं नाडीवर न ठेवता. आई त्याच दुपारी गेली. कधी गेली ते कुणाच्या लक्षात आलं न्हाय, मी उशाशी होते तरी.

जोशीबुवा आले. त्यांनी विचारलं, "किती वाजता?" त्यांना पंचांगात पुढचं बघायचं होतं, त्याला गेल्याची वेळ लागणारच. शेजारचं कुणीतरी म्हणालं, जुना टैम सांगा. तुम्ही पालथ्या वाटीकडं बघितलंत. म्हणालात, "ठाऊक न्हाय." घरात एवढी मोजायची साधनं मांडलेली, आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं. तेव्हा मला तुमचा राग आला होता. आता येत न्हाय.

पुढं निजाम गेला, शाळा मराठी झाली, तुम्ही रक्कासाला वर्गातसुद्धा लंबक म्हणायला शिकलात, पहिल्या वर्षी चुकत चुकत. मी सोलापूरला कॉलेजात निघाले तेव्हा तुम्ही मला मनगटी घड्याळ दिलंत. म्हणालात, "बरोबर चालतं." मी सवयीनं बोलून गेले, "कशावरून?" तुम्ही हसला न्हाईत, मीही न्हाय. स्टँडवर गाडी येईपर्यंत आपण दोघं एकमेकांकडं न बघता उभे राहिलो. तो विषय आपल्यात पुन्हा निघाला न्हाय. तुम्ही आजारी पडलात तेव्हा काढावा असं मनात होतं, पण तुमच्या उशाशी बसून नाडीचं बोलणं कसं काढायचं?

पुस्तकांनी मला काय सांगितलं ते सांगते, तुम्हाला ऐकायला आवडलं असतं. आता अणूंची घड्याळं आहेत. त्यांच्याशी ताडून बघितलं तर पृथ्वीच सावकाश फिरायला लागलीय म्हणतात, लई थोडी. मी पुढं नोकरीत असताना एका प्राध्यापकांना विचारलं, पृथ्वी मंद झाली की घड्याळं जलद झाली, हे कसं ठरवलं? ते म्हणाले, जी वेळ धरल्यावर बाकी सगळ्याचं गणित सोपं होतं, ती आपण सारखी चालते असं मानतो. "मानतो?" मी म्हणाले. ते म्हणाले, "मानतो." आणि सगळंच एकदम मंद झालं तर? तर कुणालाच कळणार न्हाय, म्हणाले, आणि जे कळूच शकत न्हाय त्याची चिंता करू नये. चिंता करू नये! त्यांचं काय जातंय म्हणायला.

म्हणजे बघा, तुमचं वजन सारखं धरलं तर सगळं सोपं. वजन ठीक, वाटी ठीक, सूर्य ठीक, एकट्या आईला ताप. आईची नाडी सारखी धरली तर वजन आजारी, घंगाळातलं पाणी आजारी, सूर्य आजारी, गल्लीतनं चालणारी माणसं आजारी, आणि एकटी आई बरी. ते गणित मांडायला भयंकर किचकट आहे. मी एकदा मांडायचा प्रयत्न केला, मधेच सोडलं. पण किचकट आहे म्हणून ते खोटं आहे असं तुमच्या कुठल्या तजुर्ब्यानं सिद्ध होतं, ते मला आजवर कुणी दाखवलं न्हाय. तिची कातडी पोळत होती, ओठ फुटले होते, हे मीही बघितलंय. मी काही खुळी न्हाय. तरी डोक्यात गुंता तो गुंताच, आणि हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा तेही कळत न्हाय. राहील माझ्याजवळच.

परवा मला ताप आला होता. नातीनं तिच्या मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हाताला बांधलं, ते नाडीही मोजतं. बघून म्हणाली, "आजी, तुझी पल्स किती जलद चाललीय!" मी म्हणाले, "तुझं घड्याळच मंद झालंय." ती खो खो हसत सुटली, घरभर सांगत फिरली, की एवढ्या तापात आजीला विनोद सुचतात. अण्णा, मी विनोद केला नव्हता.