हॉफच्या दुकानातली कॉफी

डेन्व्हर

लाडक्या आईस,

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

ज्या गांजापायी मी सहा वर्षं तुरुंगात काढली, तो आता इथं राजरोस दुकानात मिळतो. राज्य सरकार त्यावर कर घेऊन शाळा बांधतं. काल तशाच एका दुकानात नोकरी मागायला गेलो. मालक कोण निघाला? मला बेड्या घालणारा पोलीस, हॉफ! आता निवृत्त झालाय.

त्यानं ओळखलं नाही. "या धंद्याचा अनुभव?" म्हणाला.

"तुम्हीच तर पकडलं होतंत," मी म्हटलं.

तो हसला, अर्जावरचं माझं नाव वाचलं, कॉफी दिली. "राग नको धरूस, लव्हेल. पण शिक्षा झालेल्याला ठेवलं तर माझा परवाना जाईल."

आई, मी ती कॉफी प्यायलो. वर त्याचे आभारही मानले. याचीच लाज वाटतेय.

बाबांना एवढंच सांग, काम शोधतोय.

तुझाच,
लव्हेल