रणजीतच्या व्याख्यानाला स्वेटर

प्रताप नगर, जयपूर
नोव्हेंबर २००७

प्रिय अक्का,

इथूनच वाकून नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

आमच्या गटाचा प्रमुख रणजीत आठवतो ना? विश्वाच्या बाल्यातल्या प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या लहरी कोणत्या दिशेने कंप पावतात ते, आम्ही डोंगरावरच्या दुर्बिणीने मोजत होतो. दुर्बिणीत भोवतालच्या जमिनीची ऊब शिरतेय, असं मी बजावलं होतं. "मॅडम, घरी बसून स्वेटर विणा," म्हणाला, आणि शोधनिबंधातून माझं नाव काढलं. शुक्रवारी त्याचं इथे व्याख्यान आहे.

त्याने जाहीर केलेली मोजमापं मी तपासली. आकाशाचा तोच तुकडा उगवताना आणि मावळताना मोजलेला; आकाश तेच, फक्त दुर्बिणीसमोरची जमीन वेगळी. एकातून दुसरं वजा केलं तर काही उरायला नको. पण उरलं! ती जमिनीचीच ऊब.

इतका आनंद झाला की माझाच मला संशय आला. म्हणून माझ्या विद्यार्थिनीकडून, ऋचाकडून, कुणाचं काम ते न सांगता पुन्हा करून घेतलं. तेच उत्तर.

आधी त्याला कळवायला हवं का गं? खूप विचार केला. नाही कळवणार. आईला यातलं काही सांगू नकोस, उगाच काळजी करेल.

पहिल्या रांगेत विणकाम घेऊन बसेन. भर सभेत प्रश्न विचारून झाला, की त्याच्याकडे बघत पुढचा टाका घालेन.

तुझीच,
मधू