बाराव्या तोंडाचा घास

सोमवार, २ फेब्रुवारी
पुन्हा तेच. अन्नाचा लाल कण नळीतून निघाला, तिसऱ्या तोंडापर्यंत गेला आणि आला परत. दीड वर्ष हेच बघतेय. सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या हायड्रॉइडमध्ये वाटप होतच नाही. पुढच्या सोमवारी कमिटी आहे. तोवर दिसलं नाही, तर पीएचडीला गोगलगायी घेऊ." गोगलगायी! सर माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तरी 'हो सर' म्हटलं मी.

मंगळवार, ३
जेवताना सासूबाई म्हणाल्या, नेमकं बघतेस काय? सांगितलं. समुद्रातला जीव, काचपट्टीवर वाढवलाय. तोंडं बारा, खालून सगळी नळ्यांनी जोडलेली. एका तोंडाने खाल्लेलं दुसऱ्यापर्यंत पोचतं का, एवढंच.
"मग बाकीच्यांना काय घालतेस?"
म्हटलं, सगळ्यांना घालते, रोज सकाळी दहा वाजता. एकालाच फक्त लाल रंगवलेलं.
"पोट भरल्यावर कोण कुणाचं घेईल गं?"
घास हातातच राहिला. दीड वर्ष! कुणी उपाशी राहू नये म्हणून मी... मूर्ख.

शुक्रवार, ६
तीन दिवस दोन पट्ट्यांना काहीही दिलेलं नाही. हात सारखा ड्रॉपरकडे जातो. सगळी तोंडं भोवतीचे तंतू ताणून बसलीयेत. फार अपराधी वाटतं. डबा हातात देताना हे म्हणाले, "तू तरी जेवणार आहेस ना?"

शनिवार, ७
एका पट्टीवर फक्त पहिल्या तोंडाला भरवलं. अकरा वाजता कण निघाला. पुढे, मागे, पुढे. पाचव्यापाशी उलटा फिरला, म्हटलं संपलं. मग पुन्हा पुढे. साडेबाराला बाराव्यात शिरला आणि तिथेच राहिला!!
एवढ्या जोरात ओरडले की लॅबचे कदमकाका धावत आले. "काय सांडलं, मॅडम?" त्यांनाही भिंगातून दाखवलं. "शेवटच्याला मिळालं की हो," म्हणाले. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.
येताना सासूबाईंसाठी आंबाबर्फी. अर्धा किलो. त्या म्हणाल्या, "एवढ्याशा गोष्टीला?"

रविवार, ८
सरांच्या घरी लॅपटॉप घेऊन गेले. व्हिडिओ तीनदा बघितला त्यांनी.
"एकच पट्टी आहे, मॅडम."
"परवा तीही नव्हती, सर."
हसले! मग म्हणाले, दुसरी उद्या कमिटीसमोरच करा. बिघडलं तर चारचौघांत बिघडेल. बिघडू दे. इतकी खूश मी लग्नातसुद्धा नव्हते (ह्यांना सांगायचं नाही).
संध्याकाळी लॅबमध्ये डोकावून आले. पाचवा दिवस, बाराही तोंडं ताणलेली. उद्या त्यातल्या एकालाच भरवायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून बघत बसायचं.