खोरफक्कानला एका दुपारी दोनदा जेवलो त्याची हकीकत

देरा, दुबई
एप्रिल १९९८

ती. सौ. ताईस,

वासुदेवचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतंच. ईदच्या सुटीत पोटात जे काही गेलं आहे त्यामुळे सध्या मला कमरेतून वाकता येत नाही. त्याचीच हकीकत पुढे आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? वेलदोड्याने तुझं डोकं अजून दुखतं, की नव्या डॉक्टरांनी काही फरक पाडला? आम्ही इकडे खुशाल आहोत. आमच्या लेकीशी, केयाशी मराठीत बोललं की ती इंग्रजीत उत्तर देते. ऐकत मात्र कुठल्याच भाषेत नाही.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या मे महिन्यात तुझ्या भावजयीच्या माहेरून आम्ही थेट तुझ्याकडे आलो आणि तिने दारातच "जेवून आलोय हो ताई" म्हटलं, तेव्हापासून तुम्हा दोघींचं बोलणं बंद आहे. तू पुरणपोळ्या करून ठेवल्या होत्यास. त्या तू चकार शब्द न काढता डब्यात भरून आमच्या हातात दिल्यास. मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं. (पोळ्या उत्तम होत्या. विमानतळावर बसून संपवल्या.) तेव्हाच मी ठरवलं, की यापुढे कुणाच्याही घरी गेलो तरी "जेवून आलोय" म्हणायचं नाही. पुढचं सगळं रामायण या निश्चयामुळे घडलं.

खोरफक्कान हे इथून दोन-अडीच तासांवर, डोंगरापलीकडचं समुद्रकाठचं गाव. एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला एकच मोठं हॉटेल आणि मध्ये लांबच लांब वाळू. समुद्र असा शांत की आपल्या गुहागरवाल्यांना तो समुद्र वाटायचाच नाही. तिथे आपल्या भाषेची दोनच घरं. एक वसईच्या ग्रेगरी लोपीसचं. तो हॉटेलच्या कोठीवर आहे. दुसरं वेंगुर्ल्याच्या विजयकुमारचं, तो बंदराच्या ऑफिसात. लग्नाआधी आम्ही तिघं देऱ्यात एकाच खोलीत राहायचो, एकाच पातेल्यातलं जेवायचो. त्यामुळे सुटीत तिकडे जाऊन समुद्रात पाय बुडवायचे आणि दोन्ही घरी जेवायचं, एवढाच बेत होता.

पण जायच्या आदल्या दिवशी विजयकुमारचा फोन आला, की त्याची उर्मिला आणि ग्रेगरीची ओल्गा डिसेंबरपासून एकमेकींशी बोलत नाहीत. कारण ऐक. नॅशनल डेच्या सहलीला उर्मिलाने खोबऱ्याच्या वड्या नेल्या होत्या आणि त्या काही केल्या पडेनात. ओल्गाने मदत म्हणून ते सगळं वाट्यांमधून चमच्याने वाढलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "उर्मिलाचं पुडिंग एकदम झकास झालंय!" ओल्गाचं म्हणणं, मी स्तुती केली. उर्मिलाचं म्हणणं, चारचौघांत माझी शोभा केली. झालं! दोन घरांचं जाणं-येणं बंद. पोरांना शाळेच्या बसमध्येसुद्धा वेगळं बसायची ताकीद. आणि दोघे नवरे मासळी बाजारात चोरून भेटतात. विजयकुमार फोनवर रडवेला झाला होता. या गावात सणावाराला एकच तर घर होतं जायला, म्हणाला, तेही गेलं.

ऑफिसातल्या शौकतने आपली नवी गाडी दिली. (नवी म्हणजे सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही.) त्याची अट एकच होती: "भाईजान, गाडी ले जाओ, लेकिन मछली अंदर नहीं!" मी शब्द दिला.

दुपारी ग्रेगरीकडे पोचलो. ओल्गाने फुगे (वसईकडचे मैद्याचे गोल पाव) तळले होते, सुरमई तळली होती आणि कोलंबीचं आंबट कालवण केलं होतं. मी "बास" म्हटलं की ग्रेगरी, "हबीबी, लाजतोस काय? यल्ला, दोन फुगे अजून!" म्हणून ताटात टाकायचा. पोट शिगोशीग भरलं. एवढ्यात लक्षात आलं, की विजयकुमारला मी फोनवर "दुपारनंतर येतो" म्हणालो होतो, आणि त्याने त्यातलं "दुपार" तेवढं ऐकून घरी सांगितलं असणार. आपल्याकडे पाहुणा दुपारी येतो म्हणजे जेवायलाच येतो. निघताना ओल्गाने उरलेलं कालवण घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून दिलं. दुबईला न्या म्हणाली. आमचा रात्रीचा मुक्काम विजयकुमारकडे होता, पण हे तिला सांगायची सोय नव्हती.

आता तू सांग, मी काय करायला हवं होतं? बाहेर एप्रिलचं ऊन, आत शौकतचं प्लॅस्टिक आणि डब्यात कोलंबी. गाडीत डबा ठेवणं शक्यच नव्हतं. म्हणून विजयकुमारच्या दारात उतरल्यावर मी तो पिशवीत घालून केयाकडे दिला आणि गुपचूप फ्रिजमध्ये ठेव म्हणून सांगितलं. तिने सरळ उर्मिलाच्या हातात दिला आणि म्हणाली, "ओल्गा आंटी गेव्ह धिस."

उर्मिलाने पिशवीतून डबा काढला. झाकणावर वसईच्या बाजारात टिंबाटिंबांनी घातलेलं नाव होतं, सौ. ओल्गा ग्रे. लोपीस. तिने ते दोनदा वाचलं. मग मला विचारलं, "ओल्गाने दिलंय?" मी "हो" म्हटलं. (यात खोटं एक अक्षर नाही. कुणासाठी, हे तिने विचारलं नाही.) तिचे डोळे भरून आले. पदराने पुसत ती म्हणाली, "शेवटी तिनेच केलं बाई मन मोठं." मी तोंड उघडणार, तेवढ्यात विजयकुमारने माझा पाय असा दाबला, की मी तो समुद्रात बुडवायला आणला होता हे विसरलो.

मग पानं मांडली. टेबलावर तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी, भाकरी, आणि मानाच्या जागी ओल्गाचं कालवण. तासाभरापूर्वी खाल्लेलं कालवण मी पहिल्यांदाच खात असल्यासारखं दुसऱ्यांदा खाल्लं आणि वर विचारलं, यात कोकम आहे का? तुझी भावजय माझ्याकडे बघत होती. "जेवून आलोय" असं तीही म्हणाली नाही. निमूटपणे दोन भाकऱ्या खाल्ल्या तिने. मला तिचं कौतुक वाटलं.

सकाळी निघताना उर्मिलाने लख्ख घासलेला डबा हातात दिला. रिकामा नव्हता. आपल्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत, ते तिकडे कुणाला शिकवावं लागत नाही. आत खोबऱ्याच्या वड्या होत्या. या वेळी अशा पडल्या होत्या, की एकेकीच्या कडेने सरळ रेघ मारावी. ओल्गाकडे नेऊन दिल्या. तिने झाकण उघडलं, एक वडी उचलली, चारी बाजूंनी बघितली आणि मटकन खुर्चीत बसली. आम्ही अजून गावातच कसे, हे विचारायचंही ती विसरली. "उर्मिलाने पाठवल्या? आधी तिने?" मी पुन्हा "हो" म्हटलं. (तेही खरंच.) तिने वडी तोंडात टाकली, "मनाची चांगलीच आहे ती," असं म्हणत चपला घातल्या आणि पोरांना घेऊन विजयकुमारच्या घरी निघाली.

दहाच्या सुमाराला दोन्ही घरं किनाऱ्यावर एका चटईवर बसली होती. दोघी बायका अगदी मोठ्या मनाने एकमेकींना माफ करत होत्या. प्रत्येकीला वाटत होतं, समोरची आधी नमली, आता आपण फार ताणू नये. पोरं वाळूत लोळत होती. ग्रेगरीने मला बाजूला घेऊन विचारलं, नक्की कोण आधी? मी म्हटलं, "खलास, विषय संपला." खरं सांगायचं तर आधी कुणीच नाही. आधी ऊन.

परतताना वाटेतल्या मसाफी गावापाशी तुझी भावजय एवढंच म्हणाली, "तुम्ही तिथे तोंड उघडलं नाहीत ते बरं केलंत."

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वासुदेव

ता. क. : ऑफिसातला मुनीर चिपळूणला येतोय, त्याच्याबरोबर एक डबा पाठवतो आहे. झाकणावर नाव तुझंच आहे, मे महिन्यापासून आमच्याकडे होता. आत खजुराचे लाडू आहेत. तुझ्या भावजयीने खास तुझ्यासाठी केले.

दुसरा ता. क. : तू वरचं सगळं वाचलं आहेस, म्हणजे तू काही फसणार नाहीस. लाडू तिने मुनीरच्या आईसाठी, मैमुनाबींसाठी केले. निम्मे मी तुझ्या डब्यात भरतो आहे. तिला याचा पत्ता नाही. विनंती एवढीच, की डबा मिळाला की तिला फोन कर आणि लाडू छान झाले म्हण. क्षणभर ती गोंधळेल. तू बोलत राहा.

तिसरा ता. क. : आत्ता डबा बंद करताना एक लाडू खाऊन बघितला. (पोटाचं जे व्हायचं ते होवो.) त्यात वेलदोडा नाही. म्हणून पातेल्यातला दुसरा खाल्ला, त्यातही नाही. मैमुनाबींच्या घरी चहासुद्धा वेलदोड्याशिवाय होत नाही. वेलदोडा न चालणारं आमच्या ओळखीत एकच माणूस आहे. तेव्हा दुसऱ्या ता. क.मधलं काही खरं धरू नकोस. फोन मात्र कर, ती वाट बघते आहे.