उभ्यानं जेवणारी माणसं

एप्रिल १९
(खिडकीबाहेर बर्फ पडतंय. म्हणजे मिनेसोटात वसंत आला.)

प्रिय आर्लन,

तू बरा असशील. तू नेहमीच 'बरा' असतोस. घराला आग लागली तरी बंबवाल्यांना तू "तसं बरं चाललंय" असंच सांगशील. मीही बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण कॉलेजातला माझा लॅटिन विभाग बंद झाल्यापासून माझ्याशी नियमित बोलणारा तो एकटाच उरलाय.

मला काढलं नाही, एवढं खरं. जुनं कपाट हलवावं तसं समोरच्या इमारतीत, स्टार्टअप केंद्रात नेऊन ठेवलं. इथं कुठल्याही विषयाच्या मुलानं यावं आणि धंदा काढावा. ट्रॉम्बोन शिकणारा एक पोरगा कुत्र्यांच्या वाढदिवसाचे केक घरपोच देणार आहे. कीटकशास्त्राची एक पोरगी किड्यांचंच पीठ विकणार आहे. तिनं मला कौतुकानं बिस्कीट दिलं. मी "नंतर खाते" म्हणाले. ते अजून पर्समध्ये आहे आणि मी पर्समध्ये हात घालायचं सोडलंय. परीक्षकांसमोर तीन मिनिटांत धंदा कसा मांडायचा, हे मी या मुलांना शिकवते. रोमन वक्ते एवढ्या वेळात नुसता घसा साफ करत.

तर, तुझी सोल्वे. तीही आता याच मुलांतली.

तू तिचा फोन उचलत नाहीस, हे मला ठाऊक आहे. ती सांगत नाही. फोन कानाला लावते, थांबते, ठेवून देते आणि मग भलत्याच मुलाच्या भाषणातल्या चुका काढत बसते. पोरीनं गुण नेमका आत्याचा उचललाय.

तुझा राग खोटा नाही. पण या बाजूनं ते कसं दिसलं, तेवढं ऐक. केंद्राचा पहिला नियम असा, की "माझी कल्पना आवडली का" असं कुणालाही विचारायचं नाही. आपली माणसं प्रेमापोटी खोटं बोलतात. "शेवटचं असं कधी झालं" एवढंच विचारायचं आणि तोंड मिटायचं. जानेवारीत गोठलेल्या तळ्यावरच्या तुझ्या त्या मासे धरायच्या खोपटात तिनं तेच केलं. "बाबा, टेबलाशी बसून शेवटचं कधी जेवलात?" आणि स्वतःच्या लग्नातही चार शब्दांवर भागवणारा तू, बर्फातलं भोक पुन्हा गोठेपर्यंत बोलत राहिलास.

"तुझी आई, जोडी, गेल्यापासून सिंकपाशी उभ्यानंच खातो. बसलं की समोरची खुर्ची दिसते."

केंद्राच्या स्पर्धेच्या पहिल्या फेरीत हे वाक्य तिच्यामागच्या पडद्यावर झळकलं, खाली तुझं नाव. केंद्रानं ती चित्रफीत नेटवर टाकली. आणि मग कॅफेत तो डुएन म्हणे, "काय आर्लन, कॉफी उभ्यानंच देऊ का?" त्याच्या मेंदूला एवढंच सुचणार.

तिनं तुला विचारायला हवं होतं. मी झापलं तिला. ती म्हणाली, "आत्या, बाबा माझ्याशी पहिल्यांदा बोलले. मला वाटलं, सगळ्यांनी ऐकावं."

तिचा धंदा साधा आहे. एकटी जेवणारी माणसं आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी एका टेबलाशी जमणार, ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायचा, आणि "सावरलात का?" हे कुणी कुणाला विचारायचं नाही. मी म्हटलं, "अगं, हे चर्चच्या तळघरात आपल्या आजीच्या काळापासून फुकट चालतं." ती म्हणाली, "तिथं बाबा जातात?"

शुक्रवारी अंतिम फेरी झाली. तुझं वाक्य तिनं काढून टाकलं होतं. एक परीक्षक, सुटावर पळायचे बूट घालणाऱ्यांपैकी, म्हणाला, "कल्पना गोड आहे हो. पण उभ्यानं जेवणारा एक तरी माणूस दाखवा."

"एक आहेत," ती म्हणाली. "पण त्यांची परवानगी नाही माझ्याकडे."

"मग ते गिऱ्हाईक नव्हे. ती अफवा झाली."

सभागृह हसलं. ती माईक धरून नुसती उभी. तुझं नाव घेतलं असतं, तर निभावलं असतं. घेतलं नाही.

यापुढचं मला लिहायचं नव्हतं. म्हणून तर त्या बिस्किटाचं एवढं पुराण लावलं.

मागच्या रांगेतून एक बाई उठली. "मी आहे," म्हणाली. "नवरा सोडून गेला तेव्हापासून सिंकपाशीच जेवते. डबा उघडते, खाते, काटा धुते, दिवा घालवते. मला वाटायचं, मी ताट धुवायचं वाचवतेय."

ती बाई मी होते, आर्लन. ख्रिसमसला तू विचारलंस तेव्हा 'बरी आहे' म्हणाले होते, तीच.

बक्षीस कुत्र्यांच्या केकला मिळालं. अर्थात. पण नंतर कॉफीच्या टेबलापाशी तो बूटवाला सोल्वेजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ते जेवण... कुठल्या वारी असतं?"

माझीही चित्रफीत नेटवर आली आहे. डुएनला दाखव. म्हणावं, आमच्या घराण्यातच आहे ते; तुला काय दुखतंय?

येत्या रविवारी आम्ही दोघी येतोय. ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश मी आणते, जळलं तर माझं आणि जमलं तर जोडीच्या कृतीचं. फोन नाही उचललास तरी चालेल, दार मात्र उघड. काही बोलायचीही सक्ती नाही. ती विचारेल आणि गप्प बसेल. ते तिला आता चांगलं येतं. हवं तर तूही तिला एखादं विचार.

टेबलावरचं टपाल उचल. तीन ताटं मांड. जोडीची खुर्ची हलवू नकोस. ती तिथंच असू दे, आम्ही तिच्या दोन्ही बाजूंना बसू.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, बसून,
तुझी थोरली
मार्गिट