मूठ वळेपर्यंत

ताई,

आपण कधी भेटलो नाही. तुम्ही हे घर सोडलंत, मग मी ह्यांची बायको होऊन आले. तुमचा पत्ता फक्त ह्यांनाच ठाऊक, त्यामुळे हे पत्र पिठाच्या डब्याखालीच राहणार.

ह्यांच्या उजव्या मनगटातली बारकी हाडं जागची सरकली होती. असं क्वचितच होतं म्हणे. डॉक्टरांनी कारण विचारलं, तर हे पटकन म्हणाले, "जिन्यात पडलो." इतकं पटकन, की वाटलं, तुम्हीही कधी जिन्यात पडला होतात का? खरं म्हणजे मी ऐन वेळी बाजूला झाले आणि ठोसा दाराच्या चौकटीवर बसला.

ऑपरेशनात तारा घातल्या, पुढे काढल्या. पहिली ताकद येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मी मात्र रोज हातात मऊ चेंडू देऊन मूठ वळवून घेतली. म्हटलं, सेवेनं तरी राग निवळेल. सासूबाई म्हणतात, "बायको असावी तर अशी!"

आज मूठ पक्की वळली. डॉक्टर खूश झाले. घरी आल्यावर मी चेंडू पुढे केला, तर हे गोड हसले.

"चेंडू राहू दे. तुझं मनगट दे."

तुमच्या जागी आलेली