माझ्या आतड्याची नक्कल

३ फेब्रुवारी

साच्यातून रबरी आतडं निघालं! माझ्याच पोटाच्या स्कॅनवरून घडवलेलं, म्हणून वळणंही माझीच. शिकाऊ डॉक्टरांनी दुर्बिणीच्या नळीचा सराव यावर करायचा—जिवंत माणसापर्यंत जाण्याआधी. घरी सांगितलं तर ही हसत सुटली. "तुझ्या पोटात काही राहत नाहीच, आता सगळ्या गावाला दिसेल!"

४ फेब्रुवारी

परवा परीक्षा. डॉक्टरांची नव्हे, आतड्याला जोडलेल्या, सरावाला गुण देणाऱ्या यंत्राची! मुरलेले डॉक्टर वर आले आणि शिकाऊ खाली, तरच यंत्र देतं ते गुण खरे. उलटं झालं तर सगळी मेहनत पाण्यात. बरोबर उत्तर मी यंत्रात भरून ठेवलंय: गाठी—शून्य. माझं धडधाकट आतडं, त्यात काय असणार?

६ फेब्रुवारी

शिकाऊ पोरं भराभर आत, भराभर बाहेर. अशी रेटारेटी की बघून माझंच पोट दुखायला लागलं.

मग मोठ्या बाई आल्या—साठीच्या, इथल्या सगळ्या डॉक्टरांच्या गुरू. काय ते हात! नळी ढकलत नव्हत्याच. जरा मागे घ्यायच्या, मनगट वळवायच्या, की आतडं आपणहून सरळ व्हायचं. मीच घडवलेलं, पण ते असं वागू शकतं हे मला ठाऊक नव्हतं! आणि तोंडाने चालूच, "श्वास घ्या दादा, होत आलं." रबराला! कुणी हसलं नाही.

परतताना प्रत्येक घडीमागे डोकावत आल्या. एका वळणावर थांबल्या, मान तिरकी करून पुन्हा पाहिलं. "एक गाठ आहे," म्हणाल्या आणि चहाला गेल्या.

मी अजून भारावलेलाच आहे.

७ फेब्रुवारी

निकाल. मोठ्या बाई सगळ्यात खाली! हळू म्हणून गुण गेले, नसलेली गाठ सांगितली म्हणून आणखी गेले. शून्य सांगणारी पोरं वर. रडूच आलं. असे हात ज्याला ओळखता येत नाहीत, ते यंत्र भंगारात घालावं.

८ फेब्रुवारी

आतडं चिरून पाहिलं. बाईंच्या त्या वळणावर खरंच फुगवटा आहे, मटारच्या दाण्याएवढा. रबर ओतताना बुडबुडा राहिला असणार—म्हणजे चूक माझी! घासून टाकायला कानस घेतली. सहज साचा पाहिला. साच्यातही आहे.

मग स्कॅन उघडला.

९ फेब्रुवारी

स्कॅनमध्येही आहे. फक्त आकारासाठी काढला होता, आजार शोधायला कुणी पाहिलाच नव्हता.

बाईंना फोन केला. "आतडं कुणाचं?" "माझं." मग, "उद्याच येऊन भेटा." ही शेजारी उभी होती. माझा हात धरला तो सोडेचना. भीती वाटतेय. फार.

१७ फेब्रुवारी

गाठ बाईंनीच काढून टाकली. अहवाल आला—अजून बिघडलेली नव्हती, पुढे बिघडली असती. त्या दिवशी गुंगीत ऐकू आलं होतं, "श्वास घ्या दादा, होत आलं." आणि शेजारच्या कुणाला तरी, "वाट ओळखीची आहे."

यंत्रातलं उत्तर बदललं: गाठी—एक. मोठ्या बाई पहिल्या!